परीक्षा झाल्यावर पुस्तक कोण देणार? नागपूरच्या वाचनालयांत प्रौढ आणि कुटुंब साक्षरता वर्ग

पूर्वनागपूरकर (धागाकर्ती)

पूर्व नागपुरातील एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर मी काम करते. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे एक प्रस्ताव ठेवण्याचा विचार आहे. ज्या प्रौढांना लिहितावाचता येत नाही किंवा जेमतेम येते, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्या लहान मुलांसाठी वाचनालयाच्याच खोलीत संध्याकाळचा वर्ग भरवावा, असा तो प्रस्ताव आहे. मंडळातील काहींना हे शाळेचे काम वाटते, काहींना समाजसेवेचे वाटते. मला ते वाचनालयाचे नेहमीचे काम वाटते आणि तसे का वाटते ते जरा विस्ताराने मांडते.

२०११ च्या जनगणनेत नागपूर जिल्ह्याचे साक्षरतेचे प्रमाण ८८ टक्क्यांच्या वर होते आणि राज्याचे ८२.३४ टक्के. आकडा ऐकायला चांगला आहे, पण त्याचा अर्थ असा की सात वर्षांवरील साधारण नऊ जणांत एक जण त्याच्या बाहेर राहिला, आणि हा एक जण शहरभर सारखा विखुरलेला नसतो. धरमपेठेत त्याला शोधावे लागेल. कळमन्याच्या बाजारात मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायकांमध्ये, छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडून बांधकामावर आलेल्या कुटुंबांमध्ये, घरकाम करणाऱ्या पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये तो सहज भेटतो. शिवाय दुसरी-तिसरीत शाळा सुटलेले कितीतरी लोक कागदोपत्री साक्षरांत मोडतात, पण विजेच्या बिलावर पैसे भरण्याची शेवटची तारीख कोणती, हे त्यांना शेजारच्या मुलाला विचारावे लागते. ते या आकड्यांत कुठेच दिसत नाहीत.

सरकारी बाजूने सध्या ‘उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रम’ चालू आहे. त्याची मुदत २०२२ ते २०२७ आहे, तो १५ वर्षांवरील असाक्षरांसाठी आहे आणि त्यात शिकवणारे सर्व स्वयंसेवक बिनमानधनाचे आहेत. शेवटी वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांची प्रत्येकी ५० गुणांची, म्हणजे एकूण १५० गुणांची चाचणी होते. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा १७ मार्च २०२४ रोजी झाली. कार्यक्रमात निरंतर शिक्षण हा घटक नमूद केलेला आहे, पण आमच्या वस्तीपुरते सांगायचे तर चाचणी होते, प्रमाणपत्र येते, प्रवेशिका (अक्षरओळखीचे पहिले पुस्तक) फळीवर जाते आणि त्यानंतर त्या घरात वाचण्यासारखे दुसरे छापील पान नसते. सरावाशिवाय आलेले अक्षर किती दिवस टिकेल? माझा सगळा मुद्दा एवढाच आहे की साक्षरतेच्या कामातला हा नंतरचा भाग वाचनालयाखेरीज दुसरे कोणी करू शकत नाही, आणि तो करायचा असेल तर आधीच्या भागातही वाचनालयाने हात घातला पाहिजे, कारण जो माणूस कधी आपल्या दारात आलाच नाही, तो प्रमाणपत्र घेऊन एकदम सभासद व्हायला येणार नाही.

ही गोष्ट नवी नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि शिकलेले लोक पुन्हा अक्षर विसरू नयेत म्हणून १९१० पासून गावोगाव मोफत वाचनालये उभारली. त्यासाठी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला त्यांनी बोलावून घेतले होते. पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेड्यांत जात आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रपट्ट्या दाखवणारी वेगळी शाखा होती. पुढे १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता अभियान आले, तेव्हाही चार-पाच गावांमागे एक जनशिक्षण निलयम असावे आणि तिथे नवसाक्षरांना पुस्तके व वर्तमानपत्रे मिळावीत, अशी योजना होती. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्याने त्या काळातली संपूर्ण साक्षरता मोहीम गाजवली. मोहीम ओसरली आणि निलयमही गेली. गावातले जुने वाचनालय मात्र बहुतेक ठिकाणी अजून उभे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या एकविसाव्या प्रकरणातही प्रौढ शिक्षणासाठी शाळांच्या इमारतींबरोबर सार्वजनिक ग्रंथालयांची जागा वापरावी असे म्हटलेले आहे, त्यामुळे आपण आपल्या कामाच्या बाहेर जात आहोत हा आक्षेप टिकत नाही.

जागेचा आणखी एक मुद्दा आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पंचेचाळीस वर्षांची बाई नातवाच्या शाळेत, नातवाच्याच बाकावर बसायला जाते, तेव्हा ती कशासाठी जाते हे सगळ्या गल्लीला कळते. वाचनालयात पेन्शनर पेपर वाचायला येतात, मुले स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायला येतात, कोणी नुसते पंख्याखाली बसायला येतात. तिथे आत जाणाऱ्याला कोणी कारण विचारत नाही.

कुटुंबाचा विचार त्याला जोडून येतो. घरात एकच चित्रपुस्तक गेले आणि ते आई व मूल दोघांनीही वाचायचे असले, तर आईला ‘मोठ्यांचे सोपे पुस्तक’ म्हणून काही वेगळे लपवत न्यावे लागत नाही. यावर कोणी प्रत्यक्ष काम केले असेल, तर वेळ, जागा, पुस्तके आणि माणसे या चारही बाबतीत अनुभव सांगावेत. आक्षेपही मोकळेपणाने मांडावेत, सभेत ते येणारच आहेत.


ग्रंथपाल_सायंपाळी

ताई, प्रस्ताव चांगला आहे, तरी ज्याच्या हातात किल्ल्या असतात त्याच्या बाजूनेही थोडे पाहावे.

नागपुरातल्या बहुतेक सार्वजनिक वाचनालयांत संध्याकाळी सहा ते नऊ ही खरी गर्दीची वेळ असते आणि गर्दी असते ती अभ्यासिकेची. ही मुले गावाकडून येऊन खोली करून राहतात. एक खुर्ची रिकामी झाली की तिच्यासाठी दोघे उभे असतात आणि पलीकडच्या खोलीतून ‘क-काना-का’ ऐकू आले की तक्रारवहीत नोंद होते. मी त्यांना दोष देत नाही. वाचनालय ही शांततेची जागा आहे असे आपणच त्यांना भिंतीवर लिहून सांगितले आहे.

दुसरी गोष्ट पैशांची. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमात ग्रंथालयांसाठी उपकराची तरतूद नाही, त्यामुळे अ, ब, क, ड यांपैकी ज्या वर्गात आपण असू त्यानुसार मिळणारे सरकारी अनुदान हाच आधार. २०२२ मध्ये त्यात ६० टक्के वाढ झाली, त्याबद्दल समाधान आहे, परंतु मूळ रक्कमच इतकी तुटपुंजी होती की वाढीनंतरही ग्रंथपालाचा पगार एखाद्या दुकानातल्या माणसाइतका होत नाही. त्या माणसाला तुम्ही आणखी एक वर्ग सांभाळायला सांगणार आहात. सांगा, पण सभेच्या ठरावात त्याची वेळ आणि मोबदला दोन्ही लिहा. नुसते ‘ग्रंथपालाच्या सहकार्याने’ असे लिहिले की काय होते, ते आम्हाला ठाऊक आहे.

माझी सूचना अशी आहे की वर्ग साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी भरवावा. खोली मोकळी असते, आवाजाचा प्रश्न येत नाही आणि अभ्यासिकेच्या मुलांशी तंटा होत नाही.


शंकेखोर_महालकर

मला यात हेतू दिसतो, हिशेब दिसत नाही. सरकारी कार्यक्रम आहे, शाळा आहेत, स्वयंसेवक आहेत, ॲपवर नोंदणी आहे. त्यावर वाचनालयाने वेगळे काय करायचे? आज वाचनालयांना वाचक मिळत नाहीत, मासिके बंद करावी लागत आहेत, जुन्या ग्रंथांना वाळवी लागली आहे. जे वाचू शकतात त्यांनाच आपण टिकवू शकलेलो नाही. अशा संस्थेने जे वाचू शकत नाहीत त्यांच्यामागे धावावे हे मला उलटे वाटते. शिवाय चार महिन्यांनी वर्ग बंद पडतो, हा सगळीकडचा अनुभव आहे. सुरुवातीला फोटो निघतात, पाहुणे येतात, पाट्या-पेन्सिली वाटल्या जातात आणि पावसाळा लागला की सगळे थंड होते.


निवृत्त_मनपा_शिक्षिका

महालकरांचा शेवटचा मुद्दा खरा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. वर्ग बंद का पडतात? मी निवृत्तीनंतर वस्तीत बायकांना शिकवते आहे. गळतीचे पहिले कारण मला पुस्तकात कधी सापडले नव्हते. ते कारण आहे चष्मा. चाळिशी उलटली की जवळचे दिसणे कमी होते, हे लिहिणाऱ्यावाचणाऱ्या माणसाला लगेच कळते. ज्या बाईने आयुष्यात कधी बारीक अक्षर पाहिलेच नाही, तिला ते कळत नाही. सुईत दोरा ओवायला ती नातीला बोलावते आणि तिथे विषय संपतो. वर्गात आली की तिला ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच दिसतात, दोन आठवडे ती मान खाली घालून बसते आणि मग म्हणते, ‘बाई, माह्या डोक्यात काही शिरत नाही, मी येत नाही उद्यापासून.’ डोके शाबूत असते. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या नेत्रविभागात नेऊन जवळचा नंबर काढून आणला की तीच बाई पाटीवरून नजर उचलत नाही. म्हणून पाट्या-पेन्सिलींच्या आधी नेत्रतपासणी करा, एवढी एक गोष्ट तरी ठरावात असू द्या.

दुसरे कारण असे की आपण त्यांना जे शिकवतो ते त्यांना कधी लागणार हे त्यांना दिसत नाही. माझ्याकडे एक बाई येत असत. त्यांच्या मोबाइलमध्ये मुलीने प्रत्येक नावाऐवजी चित्र घालून दिले होते : भावासाठी ट्रॅक्टर, कामाच्या घरच्या मालकिणीसाठी गुलाबाचे फूल, मुलीसाठी फुलपाखरू. कामाची घरे वाढली तशी फुले वाढली आणि कोणते फूल कोणाचे हे आठवेना. ‘मले ह्या फुलांची नावं लिहून पाह्यजेत,’ ही त्यांची मागणी. आम्ही प्रवेशिका बाजूला ठेवली आणि त्या नावांपासून सुरुवात केली. त्या नावांत काना होता, वेलांटी होती, एका नावात रफार होता. क्रम चुकला म्हणून काही बिघडले नाही. नंतर प्रवेशिकेकडे आलो तेव्हा निम्मी अक्षरे त्यांच्या ओळखीची होती.

आकड्यांचेही असेच आहे. प्रवेशिकेतून देवनागरी अंक शिकवले जातात आणि ते शिकवलेच पाहिजेत, पण मोबाइलवर येणारा ओटीपी, नोटेवरचा ठळक आकडा आणि गॅस सिलिंडरची पावती हे सगळे इंग्रजी अंकांत असते. दोन्ही अंक शेजारीशेजारी मांडून शिकवले नाहीत, तर बाई परीक्षेत उत्तीर्ण होते आणि ई-केवायसीच्या वेळी फोन दुकानदाराच्या हातात देते. ओटीपी दुसऱ्याच्या हातात देण्याचा अर्थ काय होतो, हे इथे कोणाला सांगायला नको.

ग्रंथपालांच्या सुट्टीच्या दिवसाच्या सूचनेला मात्र माझा विरोध आहे. वाचनालय बंद असताना त्यांना बोलावले, तर त्यांनी पाहिलेले वाचनालय म्हणजे एक रिकामी खोली. लोक पुस्तक कसे मागतात, नोंद कशी होते, पेपर कसा घडी करून परत ठेवतात, हे त्यांना कधी दिसणार? दुपारी दोन ते चार ही वेळ घरकाम करणाऱ्या बायकांना मोकळी मिळते आणि अभ्यासिकाही तेव्हा थोडी सैल असते. पुरुष मजुरांना ती चालणार नाही हे मान्य आहे. त्यांचा वर्ग वेगळा करावा लागेल.


ग्रंथपाल_सायंपाळी

बाई, दुपारची वेळ पटली. पण अनेक वाचनालये दुपारी बंद असतात आणि ‘ड’ वर्गात तर एकच सेवक असतो. ज्यांच्याकडे दोन पाळ्या आहेत त्यांनाच ती जमेल.


सातासमुद्रापार

मूळचा नागपूरचा, आता कॅलिफोर्नियात आहे आणि इथल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या साक्षरता विभागात स्वयंसेवक म्हणून शिकवतो, म्हणून थोडी माहिती देतो. ती जशीच्या तशी उचलण्यासाठी नाही.

इथे राज्य ग्रंथालयाने १९८४ मध्ये हा उपक्रम सुरू केला. ग्रंथालयातच एक साक्षरता समन्वयक असतो, तो स्वयंसेवकांना प्रशिक्षण देतो आणि एका शिकणाऱ्यामागे एक शिकवणारा अशी जोडी लावून देतो. वर्ग असा सहसा भरत नाही. शिकणाऱ्याला सुरुवातीलाच विचारले जाते की तुम्हाला कशासाठी वाचायचे आहे, आणि उत्तर वाहनपरवाना, औषधाच्या बाटलीवरची सूचना, मुलाच्या शाळेतून आलेली चिठ्ठी असे काहीही असू शकते. प्रगतीही त्याच उद्दिष्टावर मोजली जाते. बाईंनी फुलांच्या नावांचे जे केले, ते इथे पद्धत म्हणून केले जाते.

कुटुंबांसाठीचा भाग ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जोडला गेला. शिकणाऱ्या पालकाच्या घरी पाच वर्षांखालील मूल असेल, तर त्या दोघांना एकत्र गोष्टीच्या तासाला बोलावतात, गोष्ट मोठ्याने कशी वाचावी हे पालकाला करून दाखवतात आणि काही पुस्तके कायमची घरी देतात. परत न करण्याच्या अटीवर दिलेली पुस्तके, हे ऐकून आपल्याकडचे ग्रंथपाल दचकतील, पण ज्या घरात एकही पुस्तक नाही तिथे पहिले पुस्तक मालकीचे असण्याने फार फरक पडतो, असे मी पाहिले आहे.

मात्र एक सावधगिरीची सूचना. १९८८ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने ‘इव्हन स्टार्ट’ नावाची कुटुंब साक्षरता योजना आणली होती. मुलाचे शिक्षण, पालकाचे शिक्षण, पालकत्वाचे मार्गदर्शन आणि दोघांनी एकत्र घालवायचा वेळ, असे तिचे चार भाग होते. कागदावर तिच्यात काहीच कमी नव्हते. राष्ट्रीय पातळीवर तिचे मूल्यमापन झाले, तेव्हा योजनेतली कुटुंबे आणि तुलनेसाठी घेतलेली कुटुंबे यांत ठळक फरक दिसला नाही आणि पुढे निधीही थांबला. याची एक बाजू अशी होती की कुटुंबे ठरवलेल्या तासांच्या मानाने फारच कमी तास हजर राहत होती. म्हणजे महालकर ज्याला पावसाळा म्हणतात, तो इथेही लागतो. धागाकर्तींनी सभेत ‘मुलांचे गुण वाढतील’ असे आश्वासन देऊ नये. आई वर्षभर वाचनालयात येत राहिली, एवढेच उद्दिष्ट ठेवावे आणि तेवढेच मोजावे.


इंदोऱ्याचा_माणूस

आतापर्यंतच्या चर्चेत एक गोष्ट कोणी बोलले नाही. वाचनालयात जाणाऱ्याला कोणी कारण विचारत नाही, असे धागाकर्ती म्हणतात. हे ज्यांना त्या पायऱ्या चढायची सवय आहे त्यांच्याबाबत खरे आहे. शहरातल्या जुन्या नामवंत वाचनालयांच्या दारात माझी आई आजही चप्पल कुठे काढायची या विचारात उभी राहील आणि आतला माणूस काही न विचारता नुसता तिच्याकडे पाहील. तेवढे पुरते.

उलट दीक्षाभूमीवर पाहा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो माणसे येतात आणि तिथे पुस्तकांची जी विक्री होते तिला या शहरात तोड नाही. त्या गर्दीत अक्षर न येणारी माणसेही पुस्तके विकत घेतात. आईने अशीच घेतलेली पुस्तके आमच्या घरी आहेत. तिला ती वाचता येत नव्हती. मुलांनी वाचावीत म्हणून घेतली आणि आम्ही वाचून दाखवली. तुम्ही ज्याला कुटुंब साक्षरता म्हणता ती आमच्या घरांत अशी उलट्या दिशेने चालत आली आहे, मुलाकडून आईकडे. याच शहरात दलित कार्यकर्त्या जाईबाई चौधरींनी चोखामेळा कन्याशाळा काढली आणि त्यासाठी अपमान सोसले. तेव्हापासूनचा हा धागा आहे. वस्त्यांमधल्या कितीतरी विहारांत आज पुस्तकांचे कपाट आहे, अभ्यासिका आहे आणि संध्याकाळी वंदनेला जमणाऱ्या बायका आहेत.

म्हणून माझे म्हणणे असे की सुरुवातीला लोकांना वाचनालयात बोलावू नका, वाचनालयाने विहारात, समाजमंदिरात, मशिदीच्या बाजूच्या खोलीत, बचतगटाच्या बैठकीत जावे. पेटी घेऊन जा. तुमचाच ग्रंथपाल तिथे पुस्तकांची देवघेव करू दे. महिनाभराने त्याच बायका एकत्र मिळून तुमच्या पायऱ्या चढतील. एकटी बाई चढणार नाही.


पूर्वनागपूरकर (धागाकर्ती)

आपले म्हणणे मला पूर्ण पटले आणि प्रस्तावाचा क्रम त्यामुळे बदलते. पेटी आधी, वर्ग नंतर. पेटीसाठी वेगळा खर्चही फारसा नाही. तीस-चाळीस पुस्तके, एक नोंदवही आणि ग्रंथपालांना येण्याजाण्याचे भाडे.

महालकर, आपल्या ‘हिशेब दिसत नाही’ या आक्षेपाला उत्तर देते. स्पर्धा परीक्षेचे उमेदवार आपल्याकडे जागेसाठी येतात. त्यांची पुस्तके त्यांची स्वतःची असतात आणि नोकरी लागली की ते जातात. पेन्शनर पेपरासाठी येतात. कपाटातील पुस्तके नेणारा सभासद कमी होत आहे हे आपणच म्हणता. मग नवा सभासद येणार कुठून? जी आई मुलाला हाताला धरून वाचनालयात आणते, तिच्याकडून दोन सभासद मिळतात आणि त्यांतला एक पुढची चाळीस-पन्नास वर्षे वाचणारा असतो.


शंकेखोर_महालकर

चाळीस वर्षांचे सोडा, मी चार महिन्यांचे बोललो होतो. तरीही पेटीची कल्पना मला मान्य आहे, कारण ती फसली तर पेटी परत आणता येते.


दुभाषी_गांधीबाग

भाषेचा प्रश्न राहून गेला आहे. नागपूर १९५६ पर्यंत मराठी-हिंदी अशा दोन्ही भाषांच्या प्रांताची राजधानी होते आणि बाजाराची बोली आजही त्याची साक्ष देते. मोमीनपुऱ्यातल्या बाईला उर्दू घरची आहे, छत्तीसगडहून आलेल्या मजुराला हिंदी त्यातल्या त्यात जवळची आहे आणि त्याची मुले मात्र मनपाच्या मराठी शाळेत जातात. अशा घरात आई आणि मूल एकच पुस्तक वाचणार म्हणजे कोणत्या भाषेतले? मी यावर बराच विचार केला आणि माझे मत असे झाले की आईने आधी तिला बोलता येते त्या भाषेत वाचायला शिकावे. बोलता न येणाऱ्या भाषेची अक्षरे गिरवणे ही शिक्षाच आहे. हिंदी बोलणाऱ्या आईचा एक फायदा असा की लिपी तीच आहे, थोड्या सरावाने ती मुलाच्या मराठी पुस्तकातले शब्द अर्थासकट उचलते. उर्दूच्या बाबतीत लिपीच वेगळी असल्याने तसे होत नाही आणि तिथे उर्दू शिकवणारी वेगळी बाई लागेल. हे प्रस्तावात स्पष्ट लिहिले नाही, तर वर्ग आपोआप फक्त मराठी बायकांचा होईल.

पुस्तकांविषयी एक उपयुक्त गोष्ट : प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर एकच गोष्ट मराठी, हिंदी, उर्दू अशा अनेक भाषांत मिळते, गोष्टी वाचनाच्या पायऱ्यांनुसार लावलेल्या आहेत आणि त्या उतरवून छापायला परवानगीही आहे. एकाच चित्रांची दोन भाषांतली छापील पुस्तिका आईला एक आणि मुलाला एक अशी देता येते. रंगीत छपाई परवडत नसेल, तर काळ्या-पांढऱ्यात छापावे, पण अक्षर मोठे ठेवावे.


निवृत्त_मनपा_शिक्षिका

अक्षर मोठे, याला माझे दुप्पट अनुमोदन. आणखी एक : प्रौढांना सारखी सशाची आणि कासवाची गोष्ट देऊ नका. मुलाबरोबर वाचताना त्या ती आनंदाने वाचतात, पण एकट्याने वाचायला त्यांना स्वतःच्या आयुष्याशी भिडणारे लागते. माझ्या वर्गात सर्वांत जास्त हाताळले गेलेले वाचन म्हणजे पाठ असलेली भजने मोठ्या अक्षरांत लिहिलेले कागद. ओठांवर शब्द आधीच असतो, बोट त्या शब्दावर ठेवायचे एवढेच राहते. पुढे एके दिवशी बोट आणि ओठ यांत अंतर पडते, ‘इथं तर वेगळंच लिवलं हाये’ असे कोणीतरी म्हणते, आणि तेव्हा समजायचे की बाई आता खरोखर वाचते आहे. मी तर मुद्दाम एखादा शब्द बदलून लिहीत असे.


सातासमुद्रापार

शब्द बदलून लिहिण्याची युक्ती मी उद्याच वापरणार आहे.


ग्रंथपाल_सायंपाळी

इतकी चर्चा झाली, आता सभासदत्वाचे बोला, कारण सगळे तिथे येऊन अडते. नियमाप्रमाणे प्रवेश फी, अनामत, मासिक वर्गणी आणि रहिवासाचा पुरावा लागतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराकडे इथल्या पत्त्याचा पुरावा नसतो, आणि अनामत परत मिळते यावर ज्याने कधी परत मिळालेली पाहिली नाही तो विश्वास का ठेवील? दुसरीकडे, ग्रंथ हरवला तर तपासणीच्या वेळी उत्तर मला द्यावे लागते, कार्यकारी मंडळाला नाही.

यातून मार्ग असा निघतो. फिरत्या पेटीतील पुस्तके मुख्य दाखलनोंद वहीत न घेता देणगीची म्हणून वेगळ्या वहीत ठेवावीत, म्हणजे चार पुस्तके घरी राहिली तरी कोणाच्या पगारावर येत नाही. वर्गात येणाऱ्यांना अनामतीऐवजी एका जुन्या सभासदाच्या हमीवर पुस्तक द्यावे, एका वेळी एकच. आणि अर्ज तोंडी घ्यावा, म्हणजे विचारून ग्रंथपालाने भरावा. आमच्याकडे अर्जावर ‘अंगठा किंवा सही’ असे छापलेले आहे, त्यातला अंगठा मी यांच्यासाठी वापरू देणार नाही. पहिल्या दिवशी सही येत नसली तरी चालेल, ती जागा कोरी ठेवू.


पूर्वनागपूरकर (धागाकर्ती)

हमीदार म्हणून सभेत पहिले नाव मी माझे देते. ठरावाचा मसुदा सभेच्या आधी इथेच टाकीन. त्यात नेत्रतपासणी, दुपारची वेळ, फिरती पेटी, दोन भाषांतील पुस्तके आणि ग्रंथपालांचा मोबदला हे सगळे असेल. मुलांच्या गुणांविषयी एक अक्षरही नसेल. देणगीच्या वहीसाठी कोणाकडे मोठ्या अक्षरांतली चांगल्या स्थितीतील पुस्तके असतील, तर कृपया सांगावे. फाटकी, पाने गेलेली आणि जुनी गाइडे देऊ नयेत, ती आमच्याकडे पुष्कळ आहेत.


इंदोऱ्याचा_माणूस

पुस्तके मिळतील. पेटी उचलायला दोन मुलेही मिळतील, फक्त रविवारी सकाळी वंदना संपायच्या आधी या.